अंगठ्याची पोती

धोंडुबाईच्या उसाला युरिया टाकायचा म्हटलं की आक्काताईशिवाय तिचं पान हलत नसे. गड्यांना काही तोटा नव्हता. ज्ञानू तर सालभर घरचाच गडी. पण गड्यांनी युरिया टाकला म्हणजे एका बुडात ओंजळभर आणि पुढची चार बुडं कोरडी. आक्काताईचा हात तसा नव्हता. कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधून ती सरीत वाकली की सरीच्या टोकाला जाऊनच कंबर सरळ करायची.

त्या दिवशी उकाडा मरणाचा होता. गगनबावड्याच्या अंगाला ढग काळे होऊन बसले होते, आणि पाऊस लागायच्या आत युरिया टाकून उसाला माती लावायची होती. आक्काताईच्या बोटांची सालटी निघाली होती. तिनं पुन्हा झोळी भरून घेतली आणि कपाळाचा घाम मनगटानं पुसला.

"धोंडे, ऊस हाय का हत्ती? किती चारतीस त्येला?"

"मला काय इचारतीस? माझ्या उदयला इचार. एकरी शंभर टन काढतो म्हणतोय. कारखान्याच्या दारात फोटू लागणार हाय त्येचा."

"फोटू लागंल, पर रानाचं वाटुळं हुईल की."

"मग तूच सांग त्येला. तुझ्या कडंवर वाढलाय, तुझं ऐकंल."

"बारका हुता तवा ऐकत हुता. आता सरपंच झालाय."

दोघी खळखळून हसल्या. जोतिबाच्या डोंगराखाली ही शेवरवाडी, आणि या दोघी एकाच साली तिथं लग्न होऊन आलेल्या. धोंडुबाई गावातल्या तालेवार शेतकऱ्याच्या घरात, आक्काताई ओढ्याकडच्या बौद्धवस्तीत. पण जांभळीखाली बसून एकीच्या भाकरीवर दुसरीचं कालवण घेऊन जेवायची त्यांची रीत इतकी जुनी झाली होती, की आता कुणी मान वळवूनसुद्धा बघत नव्हतं. एवढंच, की गावात चारचौघांत आक्काताई तिला 'धोंडुबाई, तुम्ही' म्हणायची आणि रानात शिरली की 'धोंडे'.

जेवून हात धुताना धोंडुबाईनं विषय काढला.

"उद्या जरा सोसायटीत येतीस? अंगठा द्याला."

युरिया आता असा सुटा मिळत नव्हता. मशीनवर अंगठा ठेवायचा, मग पोती. एका अंगठ्यावर ठरलेलीच पोती मिळायची. उदयसिंहाचा अंगठा झाला होता, त्याच्या बायकोचा झाला होता, ज्ञानूचाही झाला होता.

"माझा अंगठा घासून गुळगुळीत झालाय गं. मशीन घेत न्हाय."

"घेतं. मागल्या साली न्हाय का घेतला? आणि तुझ्या सुनंला, प्रीतीला आण, वस्तीतल्या आणखी बायका आण. तेवढं माझं काम कर."

"आणते बाई. अंगठाच मागतीस न्हवं, मुंडकं तर न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती निम्मी वस्ती घेऊन सोसायटीत गेली. उदयसिंहानं सगळ्यांना भडंग आणि चहा दिला. मशीन टुंई टुंई वाजत राहिलं, पावत्या निघत राहिल्या. बायकांच्या नावाच्या त्या पावत्या उदयसिंहानं घडी करून खिशात घातल्या आणि ज्ञानूनं पोती उदयसिंहाच्या ट्रॅक्टरात भरली. मैत्रिणीचं काम झालं म्हणून आक्काताई खुशीत घरी आली.

पावसाळा सरला आणि कोल्हापूरच्या कॉलेजातली एक पोरगी पुन्हा गावात हिंडायला लागली. श्रुती तिचं नाव. गेल्या उन्हाळ्यात तिनं गावातल्या सगळ्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेलं होतं, आणि वस्तीच्या विहिरीत सगळ्यात जास्त नायट्रेट, म्हणजे पाण्यात मुरलेलं नत्र, निघालं होतं. हे पाणी तान्ह्या लेकरांच्या दुधात घालू नका, लेकरू निळं पडतं, असं तेव्हाच तिनं घरोघर बजावून सांगितलं होतं. श्रावणात आक्काताईच्या सुनेला, प्रीतीला, मुलगी झाली. तिला अंगावरचं पुरत नव्हतं, वरच्या दुधाची पावडर पाण्यात कालवावी लागत होती. तेव्हापासून दर बाटलीला आक्काताईला श्रुतीचं बोलणं आठवायचं. तिचा मुलगा प्रसेनजीत शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होता, तो येताना पाण्याचा जार आणायचा. पण रोज कुठला आणणार?

म्हणून श्रुती परत आलेली बघून आक्काताईलाच जास्त आनंद झाला. तिनंच पोरीला वस्तीत घरोघर हिंडवलं.

"आजी, आता असं बघायचंय की हे पाण्यात येतं कुठून," श्रुती सांगत होती. "युरियातही नत्र असतं आणि माणसाच्या मलमूत्रातही असतं. संडासाच्या शोषखड्ड्यातून ते खाली झिरपतं, गोठ्यातून झिरपतं, शेतातून झिरपतं. कुठून किती, याचा अंदाज काढायचा. त्यासाठी माणसं किती, जनावरं किती, खताची पोती किती, एवढंच मला सांगा."

आता कागद घेऊन दारात आलेल्या माणसाला काय सांगायचं, हे वस्तीला कुणी शिकवायला नको होतं. रेशन माणसांवर मिळतं, घरकुल माणसांवर मिळतं. त्यामुळं माणसं विचारली की फुगवून सांगायची, ही पिढ्यांची सवय. पुण्याला गेलेला मोजायचा, लग्न होऊन गेलेली लेक मोजायची. गावातल्या शेतकऱ्यांची सवय अगदी उलटी. पिकाचं विचारा, पोत्यांचं विचारा, नेहमी कमीच सांगायचं, न जाणो उद्या काही बंद झालं तर. दोन्हीकडची माणसं आपापल्या सवयीनं वागली. त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही.

आक्काताईच्या घरात माणसं चार. ती, प्रसेनजीत, प्रीती आणि तान्ही. तिनं दहा सांगितली.

"एवढी माणसं या दोन खोल्यांत?" श्रुतीनं आत डोकावून बघितलं.

"दाटीवाटीनं ऱ्हातो बाई. काय करणार?"

पोरगी पुढच्या घरात गेल्यावर प्रीती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"आत्या, मामंजींस्नी बी मोजलासा?"

"मोजलं. जित्तं असताना त्येंच्या वाट्याचं कुठं काय मिळालं? आता तरी मिळू दे."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. पुरुष एकीकडं, बाया एकीकडं. बायांत पुढच्या रांगेत धोंडुबाई, सरपंचाची आई म्हणून खुर्चीत. वस्तीतल्या बाया मागं भिंतीकडेला. श्रुतीनं भला मोठा कागद फळ्याला लावला. त्यावर दोन खांब काढले होते, एक उंच, एक बुटका. उंच खांब घरांचा आणि बुटका शेतांचा.

"वस्तीच्या विहिरीत जे नत्र उतरतं, त्याचा मोठा वाटा घरांच्या शोषखड्ड्यांचा दिसतोय," ती म्हणाली. "शेतांचा त्या मानानं थोडा. हा तुम्ही दिलेल्या माहितीवरनं काढलेला अंदाज आहे."

उदयसिंह उठला. पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची चेन, बोलणं मात्र मऊ.

"म्हंजे शेतकऱ्यानं इष कालवलं म्हणून जी बोंब चालली हुती, ती खोटी. वस्तीचीच घाण वस्तीच्या हिरीत उतरतीया. मी कुणाला नावं ठेवत न्हाय. पर लेकराबाळांचा जीव म्हत्त्वाचा. हिरीवर लोखंडी झाकण टाकू, कुलूप लावू. वस्तीनं माझ्या बोअरचं पाणी न्यावं. गोठ्यापाशी नळ काढून देतो. फुकट."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आक्काताईच्या कानात त्या टाळ्या शिरल्याच नाहीत. कुलूप हा एकच शब्द तिनं ऐकला होता.

ती विहीर तिच्या सासऱ्यानं आणि त्याच्या पिढीच्या माणसांनी खोदली होती. त्याआधी वस्तीच्या बाया गावच्या विहिरीपाशी घागरी मांडून उभ्या राहायच्या, आणि कुणाला दया येईल तेव्हा तो वरनं ओतायचा. दीक्षा घेऊन आल्यावर सासरा म्हणाला, आजपासनं कुणी ओतलेलं पाणी प्यायचं नाही. आपल्याच तुकड्यात त्यानं पहार घातली. दिवसा दुसऱ्याच्या रानात राबून सांजसकाळ माणसं खडक फोडत होती. आक्काताई नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूनं तिला देवळात न्यायच्या ऐवजी त्या विहिरीवर नेलं होतं आणि स्वतःच्या हातानं पाणी शेंदायला लावलं होतं. ती विहीर बंद व्हायची आणि वस्ती पुन्हा घागर घेऊन दुसऱ्याच्या दारात उभी राहायची, हे तिच्यानं बघवणार नव्हतं.

ती उठून उभी राहिली.

"मला बोलायचं हाय. बाई, मी तुला खोटं सांगितलं. माझ्या घरात दहा न्हाय, चार माणसं हायती. सूरज, माझा थोरला, पुण्यात असतोय बायकापोरं घेऊन. आणि माझं मालक अण्णासो, त्येंस्नी जाऊन कैक वर्सं झाली. त्या मेलेल्या माणसाला बी संडासला बसवला मी."

पटांगणात हशा पिकला. पण त्या हशातच मागनं वस्तीतली दुसरी बाई उठली. "माझी बी निम्मी बाहेरगावी हायती." मग एक म्हातारा उठला. एकेक करून सगळी भिंत उभी राहिली. रेशनातनं नावं कमी झाली तर होऊ देत, पण विहीर राहू दे, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलं होतं.

श्रुती गडबडून गेली. तिनं खाली बसून नव्यानं हिशेब मांडला आणि थोड्या वेळानं उठली.

"माणसं एवढी कमी असतील तर घरांचा खांब निम्म्याच्याही खाली येतो. पण पाण्यातलं नत्र मी स्वतः मोजलंय, ते तेवढंच आहे. ते कुठून तरी यायलाच हवं. म्हणजे शेतांकडून मिळालेला पोत्यांचा आकडा बरोबर नाही."

पुरुषांच्या बाजूला चुळबुळ झाली. उदयसिंह मात्र जागचा हलला नाही.

"बाई, माझा आकडा तोंडी न्हाय. सोसायटीत जाऊन मशीन बघा. माझ्या घरच्या नावावर एकरी तीनच पोती हायती. मग बाकीचा युरिया कुणी उचलला? वस्तीनं. ह्या आक्काताईंच्याच नावावर पोती हायती. परसात, हिरीच्या काठाला भाजीला टाकला आसंल. आता त्या न्हाय म्हणतील. पर पयलं खोटं बोलले म्हणून त्येंनी आत्ताच कबूल केलंय. दुसऱ्या खेपंला खरं बोलत्यात कशावरनं?"

आक्काताईला तोंडात मारल्यासारखं झालं. खरं बोलायला म्हणून ती उभी राहिली होती, आणि त्या खऱ्याचीच या पोरानं तिच्या गळ्याला दोरी केली.

"उदय, ती पोती तुझ्या ट्रॅक्टरात भरली."

"कुणी बघितली?"

बघितली तर अर्ध्या गावानं होती. पण अर्ध्या गावानं असेच दुसऱ्यांचे अंगठे वापरून आपापली पोती नेली होती. सगळे चपलांकडं बघत बसले. आक्काताईनं पुढच्या रांगेतल्या खुर्चीकडं मान वळवली. तिच्या जिवात जीव आला. जगात कुणी नसलं तरी ही आहे.

"धोंडुबाई, तुम्ही सांगा. मला अंगठा द्याला कुणी बोलवलं?"

धोंडुबाईनं पदर सारखा केला. एकदा मुलाकडं बघितलं.

"मला न्हाय बाई ठाऊक. मी कशाला जातीया सोसायटीत?"

आक्काताई खाली बसली. उदयसिंह खोटं बोलला त्याचं तिला एवढं लागलं नव्हतं. खुर्चीत बसलेला माणूस खुर्चीसारखंच बोलतो, असं म्हणून ती ते गिळून गेली असती. पण धोंडी. जिच्या दोन्ही बाळंतपणांत आक्काताई रात्रंदिवस उशाशी बसली होती, ती धोंडी चार माणसांत कानावर हात ठेवून मोकळी झाली. आक्काताईला रडूही आलं नाही. तिला नुसती थंडी वाजायला लागली.

सभा उठल्यावर श्रुती तिच्यापाशी आली. "आजी, मला तुमचं पटतंय. पण माझ्या पटण्यावर आकडा बदलता येत नाही. काही हाताला लागलं तर फोन करा." प्रीतीच्या मोबाइलमध्ये तिनं आपला नंबर घातला आणि ती गेली.

आठवड्याभरात विहिरीवर झाकण बसलं. उदयसिंहाच्या गोठ्यापाशी नळ आला, नळाला रबरी पाइप आली, आणि पाणी वाया जायला नको म्हणून पाइप धरायला धोंडुबाई उभी राहायला लागली. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन ओळीनं यायच्या. आपल्या हातानं भरायची सोय नव्हती. ती वरनं पाइप धरायची, ह्यांनी खाली घागर धरायची.

आक्काताई पहिले काही दिवस गेलीच नाही. प्रीती जायची. मग तान्हीला ताप आला, प्रीतीला घर सोडता येईना, आणि आक्काताईला घागर उचलावी लागली.

"आलीस व्हय आक्का," धोंडुबाई म्हणाली. "बोल की गं कायतरी."

आक्काताईनं घागर पाइपखाली सरकवली. घागर भरली तशी उचलून चालायला लागली. त्यानंतर रोज तसंच. धोंडुबाई कधी तान्हीचं विचारायची, कधी आपल्या गुडघ्याचं सांगायची. आक्काताई घागरीत बघत राहायची. जांभळीखालचं जेवण तर कधीच बंद झालं होतं.

दिवाळी झाली, नव्या लागणी उगवून वर आल्या. एके सकाळी घागर निम्मी भरली असताना धोंडुबाईनं खालच्या आवाजात विचारलं,

"आक्का, उद्या सोसायटीत येतीस? युरिया आलाय."

आक्काताईनं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडं बघितलं. आपण काय मागतोय हे धोंडुबाईला कळत नव्हतं असं नाही. तिची नजर पाइपच्या तोंडाला चिकटली होती.

"उदय म्हणालाय, वस्तीनं एवढं काम केलं तर पाण्याचं कवाच कमी पडू देणार न्हाय."

पाणी घागरीत पडत होतं. आक्काताईच्या मनात आलं, ही घागर हिच्या अंगावर ओतावी. पण घरात तान्हीचं दूध कालवायचं होतं. तिनं घागर काठापर्यंत भरू दिली. आणि ती भरता भरता तिला सभेतलं उदयसिंहाचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं.

"येते की," ती म्हणाली. "सगळ्यास्नी घेऊन येते."

घरी हे ऐकून प्रीती भडकली. "आत्या, एवढं झाल्यावर परत त्येंस्नी अंगठं द्यायचं?"

"द्यायचं. प्रसेनजीतला म्हणावं उद्या सुट्टी काढ. आणि टेम्पो बघून ठेव."

दुसऱ्या दिवशी सोसायटीत ज्ञानू ट्रॅक्टर लावून तयार होता. उदयसिंहानं पैसे आधीच भरून ठेवले होते, स्वतः येण्याची त्याला गरज वाटली नव्हती. मशीन टुंई टुंई वाजायला लागलं. पहिला अंगठा आक्काताईचा. पावती निघाली तशी मशीनवर बसलेल्या बाळासोनं ती सवयीनं ज्ञानूच्या पुढं केली. आक्काताईनं मधेच हात घातला.

"माझ्या नावची हाय, माझ्याकडं दे."

बाळासोनं दिली. नाही कशाच्या जोरावर म्हणणार? मागनं आलेल्या प्रत्येक बाईनं आपापली पावती हातात घेतली. अंगठे संपले, ज्ञानूनं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं, तशी आक्काताई त्याच्या वाटेत उभी राहिली.

"ज्ञानू, खाली ठेव. ह्ये माझं हाय."

"चेष्टा करतीस व्हय आक्का?"

"चेष्टा न्हाय. तुझ्या सरपंचानीच गावाम्होरं सांगितलंय. वस्तीच्या अंगठ्यावरची पोती वस्तीची. मशीन बघ, नाव माझंच हाय."

ज्ञानूनं पोतं खाली ठेवलं आणि डोकं खाजवत मोबाइल काढला. तोवर प्रसेनजीत आणि वस्तीतल्या पोरांनी पोती टेम्पोत घातलीसुद्धा. ती नेऊन त्यांनी विहारासमोरच्या पारावर रचली, सगळ्या गावाला दिसतील अशी. प्रीतीनं सकाळीच श्रुतीला फोन केला होता. ती गाडीवरनं येऊन पिंपळाखाली उभी राहिली, हेल्मेटसुद्धा अजून हातात होतं.

उदयसिंह आला तो पाचपंचवीस माणसं घेऊनच. तोंड लालभडक झालं होतं.

"आक्काताई, मुकाट्यानं पोती भर ट्रॅक्टरात. माझी हायती ती."

"तुमची कशी, सरपंच? मशीनवर आमची नावं हायती."

"पैसं मी भरल्यात."

"मशीन पैसं कुठं बघतंय? तुम्हीच सांगितलंसा, मशीन बघा म्हणून. आम्ही परसात टाकणार हाय, भाजीला."

"एवढा युरिया परसात टाकतीस? अक्कल हाय का तुला? अंगठा तेवढा तुमचा. दर सालाला तुमच्या अंगठ्यावरच उचलतोय मी, आत्ताच काय शिंगं फुटली तुम्हास्नी?"

उदयसिंहाच्या मागच्या माणसांतल्या दोघातिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि ते हळूच मागं सरकले. पिंपळाखालनं श्रुतीनं अगदी साध्या आवाजात विचारलं,

"दर साली म्हणजे या ज्येष्ठातही ना, सरपंच?"

उदयसिंहानं तिला तेव्हा कुठं पाहिलं. आता पोती आपली नाहीत म्हणावं तर पोती जातात, आणि आपली म्हणावं तर त्या दिवशीचा शेतांचा बुटका खांब जातो. त्यानं पोत्यांच्या थप्पीवर हात ठेवला.

"माझी हायती," शेवटी तो म्हणाला.

"ऐकलंस न्हवं बाई?" आक्काताई म्हणाली. मग तिनं मुलाला हाक मारली. "प्रसेनजीत, भर ती पोती त्येंच्या ट्रॅक्टरात. दुसऱ्याचं कायबी नको आपल्याला."

पोरं पोती भरत असताना श्रुती पारावरच बसून कागद खोडत होती. शेतांचा खांब उंच झाला, घरांचा बुटका. आक्काताई तिच्या शेजारी टेकली. किती दिवसांनी तिच्या छातीवरचा दगड उतरला होता.

"मग बाई, आता हिरीचं झाकण काढायचं न्हवं?"

श्रुतीनं पेन्सिल खाली ठेवली. "आजी, आकडा बदलला. पाणी नाही बदललं. आज सगळ्यांनी युरिया कमी केला तरी जे खाली उतरलंय ते निघून जायला कितीतरी पावसाळे जातील. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

आक्काताईनं तो कागद हातात घेतला. दोष उतरला होता, कुलूप तसंच होतं. तिला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी गोठ्यापाशी पाइप नव्हती. नळाची तोटीही काढून नेली होती. दोनतीन दिवस वस्तीनं हाल काढले. मग श्रुतीचा कागद वर गेला आणि पन्हाळ्याच्या तालुका कचेरीतनं टँकर सुरू झाला. हा टँकर कुणाच्या दारात उभा राहत नव्हता. वस्तीच्या तोंडाला, रस्त्यावर थांबायचा, आणि ज्याची त्यानं घागर भरून घ्यायची.

एका सकाळी आक्काताई भरलेली घागर कमरेवर घेऊन वळली तर समोर धोंडुबाई. रानाकडं निघाली होती. कमरेला झोळी होती, बरोबर कुणी नव्हतं. दोघी थांबल्या.

"माझ्या पोराची गावात छी थू केलीस, आक्का."

"व्हय, केली."

"तुझ्या कडंवर वाढला गं त्यो."

"त्या दिशी सभंत तू एवढं म्हणाली असतीस, अंगठा मीच मागितला म्हणून, तर म्होरं त्येला मीच पाठीशी घातला असता, धोंडे. हीर गेली असती तरी घातला असता."

धोंडुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पुढं होऊन आक्काताईच्या हाताला धरायला बघितलं. आक्काताईनं घागर दुसऱ्या कडेवर घेतली.

"हिरीचं पाणी कवातरी चांगलं हुईल, असं ती पोरगी म्हणती. माझी नात पिईल. तुझ्यामाझ्याचं मातूर न्हाय व्हायचं."

घरातनं तान्हीच्या रडण्याचा आवाज येत होता. आक्काताई बाजूनं निघून वस्तीत शिरली.